भंगारातली घंटी

चुडामण पाटलांनी दोंडाईच्याला घर बांधलं, पण त्यात नवं म्हणाल तर फक्त भिंतींचा चुना. तुळया पाडलेल्या जिनिंग कारखान्याच्या, दारं जुन्या धर्मशाळेची, आणि खिडक्या, बाकडं, दारावरची घंटी भंगारात निघालेल्या एसटीची. बाहेरून दोरी ओढली की आत खणखणीत टण वाजायचं. चुडामणला त्याचं कोण कौतुक! भागाबाईला, त्याच्या बायकोला, मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“बठ्ठं घर भंगारनं. पोरले पाहाले येतीन त्या लोके काय म्हनतीन?”

“भंगार नई वं, सागवान शे,” चुडामण म्हणायचा. आता एसटीची खिडकी सागवानाची असते का, हे त्याला कोण विचारणार!

त्यांच्या मुलीला, पुष्पाला, पाहायला नरडाण्याहून हिलालनाना आले, तेव्हा भागाबाईने बाकड्यावर चादर घातली, खिडक्यांना पडदे लावले. घंटी तेवढी विसरली. नाना म्हणजे मुलाचे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, आल्या आल्याच गाऱ्हाणं सांगितलं की हे निघाले म्हणजे निघाले. मी बाजारात मागे राहिले, हे यांना घरी पोचल्यावर कळतं.

स्थळ चांगलं होतं, नाना खुशीत होते. “आमचं तर ठरल्यातच...” इथपर्यंत आले आणि शेजारचा वना ताक घेऊन दारात आला. माणूस उतावळा. त्याने दोरी लागोपाठ दोनदा ओढली.

टण टण.

नानांनी वाक्य अर्धवट सोडलं, टोपी घातली आणि चालू पडले. वनाने ताकाचा तांब्या सांभाळत वाट दिली. चुडामण मागून हाका मारतोय, पण नानांनी वळून पाहिलं नाही. चादर सरकली असणार, भंगार दिसलं असणार, स्थळ गेलं! भागाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पुष्पा रोज एसटीने धुळ्याला कॉलेजला जायची. दोन घंट्या म्हणजे ‘चला’ आणि एक म्हणजे ‘थांबा’, हे तिला पाठ होतं. चहाचा ट्रे खाली ठेवून ती दाराशी गेली आणि दोरी एकदाच ओढली.

नाना फाटकात जागच्या जागी थांबले. भानावर आले, ओशाळले आणि गुपचूप परत येऊन बाकड्यावर बसले. चादरीखालचं रेक्झिन त्यांनी हाताने चाचपलं आणि स्वतःशीच हसले.

भागाबाई माफी मागायला गेली, तोच यशोदाबाईंनी तिचा हात धरला.

“पोर पसंत शे. आम्हले दुसरं काहीच नको. ती घंटी तेवढी तिनासंगे द्या.”