गार स्टूल

डॉक्टर निमसोडकर वॉर्डात शिरले की रोग्याची नाडी नंतर पाहत. आधी खाटेजवळच्या लाकडी स्टुलावर तळहात टेकवत. स्टूल उबदार लागलं तर पुढचं बोलणं. गार लागलं तर त्या खाटेच्या विद्यार्थ्याची शंभरी भरली.

"कारकुना, स्टूल गार आहे."

"सर, आत्ताच उठलो."

"आत्ता म्हणजे काल दुपारी?"

साताऱ्याच्या आमच्या वैद्यकीय शाळेत तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला चार खाटा नेमून देत. त्या खाटांवरच्या रोग्यांची हकीकत लिहायची, त्यांना रोज तपासायचं, टिपणं ठेवायची. याला इंग्रजीत क्लिनिकल क्लार्कशिप म्हणतात. डॉक्टर तिला 'खाटेची कारकुनी' म्हणत आणि मुलांना कारकून. मी त्या शाळेचा खरोखरचा कारकून. हा शब्द पदवीसारखा उच्चारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांचा नियम असा, की रोगाचं नाव काढण्याआधी तासभर रोग्याजवळ बसायचं. पहिला प्रश्न ठरलेला : "गाव कुठलं?" मग तो बोलेल ते ऐकायचं आणि त्याच्याच शब्दांत लिहायचं. "आधी बूड टेक, मग डोकं चालव," हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही आपण उभे आहोत की काय अशी शंका यायची. एका हुशार मुलाने स्टुलावर गरम पाण्याची पिशवी ठेवून पाहिली. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, "इतका ताप माणसाला नसतो. तुला असेल तर शेजारची खाट रिकामी आहे."

शाळेचा अभ्यासक्रम दरवर्षी मी टाइप करी. लढाईच्या दिवसांत कार्बन मिळेना, त्यामुळे सहावी प्रत निव्वळ श्रद्धेने वाचावी लागे. डॉक्टर आपली चिठ्ठी आणून देत : 'बूड टेकणे. रोज एक तास.'

"इंग्रजीत काय घालू?"

"इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुमच्या टाइपरायटरला सोसायचं नाही."

मी आपलं 'सिटिंग' घातलं आणि मोकळा झालो.

पुढे मुंबईहून आमचा अभ्यासक्रम तपासायला कमिटी यायची ठरली. तीन सभासद आणि एक चौदा पानी तक्ता. व्याख्यानांचे तास किती, पुस्तकं किती, सूक्ष्मदर्शक किती, सगळ्याला रकाना होता. बसण्याला नव्हता. जादा तास कापणार अशी कुणकुण लागली तेव्हा डॉक्टर आठवड्यात तीनदा माझ्या टेबलापाशी आले. अकरा वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी रजासुद्धा मागितली नव्हती.

"तो तास राहील ना हो? बाकी काय कापायचं ते कापा म्हणावं."

मी म्हटलं, "राहील." कारकुनाच्या 'राहील'ला काय अर्थ असतो हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

कमिटी आली. हार झाले, पेढे झाले, चुना न वाळलेल्या भिंतीला टेकून एका सभासदाचा कोट पांढरा झाला. अध्यक्षांनी अभ्यासक्रम चाळला आणि ते प्रसन्न झाले. "सिटिंग, रोज एक तास! तुमच्या शिक्षकांची बैठक रोज भरते? उत्तम!"

प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. डॉक्टर तिथेच गप्प बसले असते तर त्यांचा तास त्या चुकीच्या पोटात सुखरूप राहिला असता. पण ते उठले.

"नाही साहेब. बैठक नव्हे, बसणं. रोग्याजवळ."

"बसून काय करायचं?"

"ऐकायचं."

"आणि याचे गुण कसे देता?"

"स्टुलाला हात लावून."

एका सभासदाने काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

मग मंडळी वॉर्डात निघाली. मागून फायली घेऊन मी. विलायतेत बरीच वर्षं काढलेले एक सभासद पहिल्याच खाटेच्या पायथ्याशी थांबले. रोगी शिराळ्याकडचा शेतकरी, हनुवटीपर्यंत घोंगडं ओढून पडलेला. बायको उशाशी.

"काय होतंय?"

"अंगावरनं वारं गेलंय, सायेब."

साहेब सोबत्यांकडे वळून हसले. "गॅसेस!" आणि रोग्याला म्हणाले, "पोट फुगतं का? ढेकर येतात?"

बाई उसळली. "आवं सायेब, पोटाचं कुटं काढलंय? अंगावरनं गेलंय! डावं अंग लय गळालंय त्येंचं, हात बी उचलंना!"

त्या खाटेचा विद्यार्थी लाल होऊन पुटपुटला, "सर, अर्धांगवायू."

 डॉक्टरांनी फक्त स्टूल उचललं आणि साहेबांपुढे ठेवलं. ते त्यांचं रोजचंच अगत्य होतं. पण सगळ्यांनी ते चपराक म्हणून घेतलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मीही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. हा तास मोजता येत नाही, सबब कमी करावा. त्याऐवजी 'रोग्याची हकीकत कशी घ्यावी' यावर दोन व्याख्यानं ठेवावीत. मी वाचून दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"व्याख्यानं मीच द्यायची?"

"हो."

"मग उभ्यानं द्यावी लागतील," म्हणाले आणि गेले.

मुलांची सुटका झाली. स्टुलं जागच्या जागी राहिली. डॉक्टर सवयीने हात लावत आणि पुढे जात.

त्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. घरी पाणी द्यायलाही कुणी नाही, म्हणून त्यांच्याच वॉर्डात शेवटच्या खाटेवर ठेवलं. प्रिन्सिपॉल आले, दोन मिनिटं उभे राहिले, "विश्रांती घ्या" म्हणाले. मुलं रांगेने आली, उभी राहिली, गेली. त्या दिवशीच्या टपालाने जायच्या एका कागदावर मी सही घ्यायला गेलो होतो. सही झाली. पण जिना चढून पाय भरून आले होते, आणि समोर स्टूल होतं. बसलो. दुसरा काही उदात्त विचार मनात नव्हता.

बसल्यावर काहीतरी बोलणं आलं. अकरा वर्षं आम्ही चिठ्ठ्यांवर बोललेलो. मला एवढंच सुचलं : "गाव कुठलं, डॉक्टर?"

आडनावात गाव असलेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे मूर्खपणाच. 

"निमसोड आज्याचं," ते म्हणाले. "म्या कवा बघितलं बी न्हाई. मी पलूसचा. मामाकडं वाढलो."

मी चमकलो. पुस्तकासारखं मराठी बोलणारा हा माणूस.

"नावातच गाव दिसतंय, तवा कुणी इचारलंच न्हाई रं."

मग मामाची विहीर आली, मामीच्या हातची भाकरी आली, आणि पोरग्याला डाक्टर करायचं म्हणून दुसऱ्याच्या रानात रोजानं भांगलायला जाणारी आई आली. मधे खोकला आला की थांबत, पुन्हा तिथूनच सुरू करत. सहीचा कागद माझ्या मांडीवर चुरगळला.

त्यांचा डोळा लागलासा वाटला, तेव्हा मी हळूच उठलो. घोंगड्यातून एक हात बाहेर आला आणि स्टुलावर टेकला.

"पास का, डॉक्टर?" मी विचारलं.

"उठलास कशाला?" ते डोळे मिटूनच म्हणाले. "बस की गड्या."

तो कागद दुसऱ्या दिवशीच्या टपालाने गेला.