नावेतलं कोमट पाणी

थंडी म्हणजे काय हे या जगात आपल्या एकट्यालाच कळतं, अशी उणे अठरांची पक्की समजूत होती. हे त्यांचं खरं नाव नव्हे. शीतगृहात सुपरवायझर म्हणून बावीस वर्षं काढलेली, आतलं तापमान उणे अठरा, आणि तो आकडा दिवसातून दहा वेळा ऐकवायची खोड. शेवटी कामावरच्या लोकांनी तो त्यांनाच चिकटवून टाकला.

"थंडी?" ते म्हणत. "अहो, आम्ही उणे अठरात शर्टाची बटणं उघडी टाकून फिरतो!"

ही शुद्ध थाप होती. आत जाताना ते जाडजूड कोट, दोन टोप्या आणि लोकरी मोजे चढवत आणि वीस मिनिटांत बाहेर पळून येत. घरी तर पंखा एकवर असला तरी पांघरूण हनुवटीपर्यंत! पण हे फक्त बायकोला माहीत होतं आणि ती बिचारी कुठे बोलत नसे.

त्यांच्या मुलीचं एका डॉक्टरांच्या मुलाशी जमलं. मुलामुलीची पसंती झाली होती. डॉक्टरांचा होकार तेवढा यायचा होता. डॉक्टर दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर स्वतः नाव वल्हवत. त्यांनी निरोप धाडला, या रविवारी तुम्ही तिघं या, निवांत बोलू.

"बाबा, हात जोडते," मुलगी म्हणाली. "तिथे फुशारक्या मारू नका. त्यांना सगळं चालतं, थापाड्या माणूस चालत नाही."

"मी आणि थापा?" उणे अठरा दुखावले. आणि त्याच संध्याकाळी फोनवर डॉक्टरांना म्हणाले, "स्वेटर? छे हो! मी आपला साध्या कोटावर येणार!"

फोन ठेवला आणि मग आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. ऐन हिवाळ्यातली सकाळ, त्यात पाण्यावरचा वारा! पण गडी डगमगणारा नव्हता. शीतगृहात माल गार ठेवायला प्लास्टिकच्या चपट्या पिशव्या वापरतात. तोंडाला नळी, नळीला चाप. पाणी भरायचं आणि गोठवायचं. जी पिशवी बर्फ धरते तिला गरम पाणी धरायला काय धाड भरलीय? रविवारी सकाळी त्यांनी तसल्या सहा पिशव्यांत कढत पाणी भरलं, त्या पोटाला, कमरेला, मांड्यांना पट्ट्यांनी आवळल्या, वरून साधा कोट.

"अहो, तुम्ही चालताना डुबुक डुबुक वाजताय," बायको म्हणाली.

"तळ्यावर चाललोय. पाण्याचा आवाज येणारच!"

डॉक्टर दोन स्वेटर आणि मफलर घालून वल्हवत होते. "कमाल आहे तुमची! माझे कान गळून पडायची वेळ आलीय आणि तुमच्या कपाळावर घाम!"

"सवय हो. आम्ही उणे अठरात..." मुलीने त्यांच्या बुटावर पाय दिला.

बर्फासाठी केलेल्या पिशवीचा सांधा गरम पाण्याने सुटतो, हे त्यांना बावीस वर्षांत कळायचं कारणच नव्हतं. तिथे गरम असं काही कधी भरलंच नव्हतं! नाव तळ्याच्या मध्यावर आली, डॉक्टर म्हणाले, "तिकडे बगळे बघा," उणे अठरा वळले, आणि उजव्या मांडीवरच्या पिशवीने मान टाकली. पाणी विजारीतून बुटात, बुटातून नावेत. वर छानपैकी वाफ निघाली.

"नावेला भोक पडलं की काय!" डॉक्टरांनी वाकून पाण्यात बोट घातलं आणि बोट तिथेच थबकलं. पाणी कोमट होतं! त्यांची नजर ओघळाच्या मागोमाग वर चढत गेली. बूट, पोटरी, मांडी. मग ती घाईघाईने बगळ्यांकडे वळली. पेशंटशी बोलावं तसं ते हळूच म्हणाले, "असू दे. या वयात होतं. लाजायचं काही कारण नाही."

बायकोने रुमालात तोंड खुपसलं. मुलीचे डोळे भरून आले.

आता आली का पंचाईत! सांगावं तर थापाड्या, गप्प बसावं तर हे असं. पण मुलीचा रडवेला चेहरा पाहून उणे अठरांना स्वतःचीच लाज वाटली. थंडीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं त्यांनी ठरवलं.

"डॉक्टरसाहेब, मी तुम्हाला फसवलं. हे बघा!" आणि त्यांनी फुटकी पिशवी ओढून बाहेर काढली. पारदर्शक, चपटी, नळी लोंबणारी. तळाशी गीझरच्या गंजाने पिवळट झालेलं घोटभर पाणी.

डॉक्टरांनी पिशवी पाहिली. नळी पाहिली. चाप पाहिला. त्यांनी उणे अठरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधीपासून लावताय ही?"

"आजच पहिल्यांदा! आणखी पाच आहेत."

"बदलायला. बरोबर आहे, जवळ ठेवलेल्या बऱ्या."

"अहो नाही हो! मला थंडी वाजते म्हणून..."

"थंडी वाजते? म्हणजे तापही येतोय!" डॉक्टरांनी वल्ही उचलली. "एक शब्द बोलू नका. एवढं दुखणं अंगावर काढून मुलीसाठी आलात, आणि मी तुम्हाला बढाईखोर समजत होतो! लग्न पक्कं!" नाव किनाऱ्याकडे सुसाट निघाली.

उणे अठरांनी तोंड उघडलं. मुलीने त्यांचा हात घट्ट दाबला आणि कानात म्हणाली, "बाबा, आता खरं बोलाल तर याद राखा!"

ओल्या विजारीत ते किनाऱ्यापर्यंत असे काही कुडकुडले, की डॉक्टरांना उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

लग्नाला आता चार महिने झाले. व्याह्यांकडे उणे अठरांची खुर्ची बाथरूमच्या दाराला लागून असते, बरोबर पंख्याखाली. चहा आला की डॉक्टर प्रेमाने सांगतात, "त्यांना अर्धाच कप." उणे अठरा अर्धा कप पितात आणि गारठून बसतात. मागच्या खेपेला "जरा गार वाटतंय" असं चुकून बोलून गेले, तर डॉक्टरांनी तपासणीची बाटली आणून हातात दिली आणि बाथरूमचं दार उघडून धरलं!