लिव्हर आगाराचे हमाल

कुणाच्या ताटात कोंबडी-वडे दिसले, की आमच्या शेजारचे आबा साळवी मुठीचा माइक करून घोषणा करतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! कोलेस्ट्रॉलची गाडी लिव्हर आगारात येत आहे!" मागे पावस गावी एका लग्नात त्यांनी ही घोषणा थेट वरबापाच्या कानाशी केली. त्या गृहस्थाने हातातला वडा मुकाट्याने खाली ठेवला. तो मी खाल्ला. वाया कशाला घालवायचा?

आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले, पण नियंत्रण काही सुटलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, छातीत दुखलं, रक्ताचा रिपोर्ट भयंकर आला. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते आबांना एसटीच्या भाषेत समजलं.

"रक्तात कोलेस्ट्रॉलच्या गाड्या फिरतात. लिव्हर आगाराच्या दारात हमाल उभे. हमाल गाडीच धरून आत नेतो, मालासकट सोडतो, की परत दारात हजर! समजलास काय? आमच्या हिच्याकडे हमालच कमी, जन्मापासून. मग गाड्या तुंबतात, गणपतीत हायवेला हातखंब्याच्या नाक्यावर तुंबतात तशा!"

एका रविवारी याचं प्रात्यक्षिक झालं. मी गाडी, दोन्ही काखांत उशा. समोरचे घाग गुरुजी हमाल. काकूंचं स्वयंपाकघर लिव्हर. आबांनी शिट्टी फुंकली. गुरुजींनी मला दंडाला धरून आत नेलं, उशा उतरवल्या. गाडी आतच मोडीत निघते म्हणून मी खाली बसलो. गुरुजींनी मात्र दारात परतायचं होतं. तेवढ्यात काकूंनी गरम घावन त्यांच्या बशीत टाकलं.

बाहेर शिट्ट्यांवर शिट्ट्या. "अहो गुरुजी, दारात कोण उभा राहणार? अशानंच माझ्या बायकोचं वाटोळं होतंय!"

"तिसरं घावन झालं की येतो," गुरुजी म्हणाले.

काकू हसून हसून ओट्याला टेकल्या. आबांना मात्र हसू आलं नाही.

डॉक्टरांच्या गोळीने दारात हमाल वाढतात, म्हणून आबा तिला 'हमालभरती' म्हणत. रोज जेवणानंतर विचारणा व्हायची, "अगो, भरती झाली? तोंड उघड बघू." काकू निमूटपणे आ करून दाखवायच्या.

परवा नवा रिपोर्ट आला. आबांनी मला पडवीत बोलावून पाकीट हातात दिलं. "तूच फोड रे."

मी वाचलं. "आबा, कोलेस्ट्रॉल उतरलंय. चांगलंच उतरलंय!"

आबा मटकन बाकावर बसले. "चाळीस वर्षं हिला बोललो रे मी. ओलं खोबरं खातेस, मरशील. नारळ कुलपात ठेवायचो. आणि हमाल जन्मापासूनच कमी, तिचा काय दोषच नव्हता." त्यांचे डोळे भरून आले.

"मग सांगा ना हे काकूंना," मी म्हटलं.

आबा उठून दारात गेले. "अगो, जरा बाहेर ये."

काकू पदराला हात पुशीत आल्या. आबांनी त्यांच्यासमोर हात जोडले. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"रिपोर्ट वाईट आला काय रे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काकू, छान आलाय."

"मग हे हात कशाला जोडतायत?"

मी आबांकडे बघितलं. ते त्यांनीच सांगायचं होतं.