याकोबदादांचा स्वतःवरचा संशय

याकोबदादा दान करीत आणि चार पावलांवरून परत येऊन त्याची माती करीत. जुन्नरच्या बाजारात एका म्हातारीला त्यांनी अंगावरची घोंगडी दिली. म्हातारी आशीर्वाद देते न देते तोच हे पुन्हा हजर. "आजी, ही मी दयेनं न्हाई दिली. लोक बघत व्हते म्हून दिली." म्हातारीनं घोंगडी घट्ट धरली. "मंग आता परत पायजे व्हय?"

दादा आमच्या मिशनचे उपदेशक, मी मिशनच्या शाळेतला मास्तर. मनाचा साधेपणा कसा ओळखावा, यावर एक भक्तिपर पुस्तिका आली होती. ती वाचता वाचता मला झोप लागली. दादांची मात्र उडाली. पागोटं डौलाचं म्हणून त्यांनी सोडलं. मग बोडक्या डोक्याचाच डौल वाटू लागला, म्हणून पुन्हा बांधलं. शेजारी कागद बनवणारे करीमचाचा म्हणत, "दादा, इतकी झडती तर फौजदारबी घेत न्हाई!"

मला मात्र दाट संशय होता. साधेपणाचा एवढा गाजावाजा? हे शुद्ध ढोंग. एकदा तोंडावर बोललो, तर डोळे भरून म्हणाले, "मलाबी त्योच संशय हाय, मास्तर." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

अशातच दादांच्या गावाहून, अवसरीहून, निरोप आला, आई फार दिवसांची सोबती नाही. बाप्तिस्मा घेतल्यापासून बारा वर्षं दादांना ते घर बंद होतं. मी सोबत गेलो. खरं सांगतो, थोडा तमाशा बघायलाच गेलो. थोरला भाऊ दारात आडवा. "बाटग्याला उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई."

आतून आवाज आला, "मंग मला भायेर न्या."

कुणी हललं नाही. म्हातारीच सरपटत उंबऱ्यापर्यंत आली. दादांनी तिला उचललं, अंगणात मांडीवर घेतलं. वहिनीनं मुकाट्यानं पेजेची वाटी पुढे ठेवली. दादा बोटानं भरवू लागले. पागोटं मातीत पडलं, नाक वाहत होतं, सगळी भावकी जमून बघत होती. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मला माझीच लाज वाटली.

दिवस कलला तशी भावानं आईला आत नेलं आणि दार लावलं. परतीच्या बैलगाडीत मी तरीही सवयीनं 'लोक बघत व्हते म्हून' या कबुलीजबाबाची वाट पाहत होतो. मंचर मागे पडलं तेव्हा ते बोलले.

"मास्तर, आई लई हलकी झालीया वो."