ओल्या पॉलिशवरचं कुंकू

"गिटार विकत कुणीही आणतं. माझी सून बनवते!" प्रमिलाबाईंनी उधन्यातल्या आपल्या गल्लीच्या ओटल्यावर जाहीर केलं. गणपतीच्या आरतीला ती वाजणार, हेही परस्पर ठरवून टाकलं.

"बँकेतली बाई सुतारकाम करते कधी?" शेजारच्या शोभाबाईंनी विचारलं.

"तुझी सून टीव्ही बघते ना, त्या वेळात."

खरं तर सुनेनं, अश्विनीनं, विजेवरच्या गिटारचे सुटे भाग मागवले आणि खोक्यातून लाकडाचा पाट, दांडा नि तारांचं भेंडोळं निघालं, तेव्हा प्रमिलाबाईंना वाटलं होतं, पोरगी फसली. पण अश्विनीनं तो पाट पॉलिश पेपरनं असा घासला, की माशी बसली तर घसरून पडावी. वर मोरपंखी रंग दिला. आतल्या विजेच्या तारांना कथलाचा डाग देताना तर नथ घडवणाऱ्या सोनाराचा हात! प्रमिलाबाई तोंडानं एवढंच म्हणाल्या, "कोपऱ्यात धूळ राहिली."

श्रावणातल्या शुक्रवारी पॉलिशचा शेवटचा हात देऊन अश्विनीनं पाट गॅलरीत टांगला. "आई, ओलं आहे. हात लावू नका हं."

"मी काय रांगतं बाळ आहे?"

त्यांनी हात लावलाच नाही. नुसतं बोट लावलं. जिवतीची पूजा नुकती आटोपलेली, कुंकवाचा करंडा हातात. नवी वस्तू बिनकुंकवाची टांगून ठेवायची? स्वस्तिक झकास उतरलं. एक रेघ जरा लांबली, म्हणून अंगठ्यानं पुसायला गेल्या. अंगठा चिकटला. ओढल्यावर सुटला, पण अख्खा ठसा मागे ठेवून.

आणि याच प्रमिलाबाई, दुसरीतून शाळा सुटली तरी बँकेत ऐटीत सही करणाऱ्या, शोभाबाईंना येता-जाता 'अंगठेबहाद्दर' म्हणणाऱ्या!

संध्याकाळी अश्विनी पाटाकडे बघतच राहिली. "आई, हे तुम्ही काढलं?"

"नाही, मुंग्यांनी काढलं." मग आवाज उतरला. "बिघडली का गं? ओटल्यावर सांगेन मी, माझ्यामुळे बिघडली म्हणून."

सासूबाई चूक कबूल करताहेत हे पाहून अश्विनीला हसूच आलं. "राहू द्या. वाळलं की वरून आणखी एक हात देते. अशी गिटार दुकानात मिळायची नाही."

गणपतीच्या आरतीला गिटार कर्ण्यातून अशी घुमली, की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसली. प्रमिलाबाईंची मान मोरासारखी ताठ. आरती संपल्यावर शोभाबाई चष्मा सावरत वाकल्या.

"स्वस्तिक छान आहे. पण शेजारी हा अंगठा कोणाचा गं, प्रमिला?"

प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला.

"सही आहे माझी."