आधी कान

रशीदचाचांना कुठलीही वस्तू नजरेला पडली की बोटाच्या पेरानं वाजवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मिरजेतल्या आमच्या शाळेत ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दार वाजवलं, फळा वाजवला, पोषण आहाराच्या तांदळाची कोठी वाजवली आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर टकटक करून, बघत मात्र मुख्याध्यापकांकडे, "पोकळ हाय," असा निकाल दिला. मुख्याध्यापकांनी तो स्वतःला लावून घेतला. त्यात त्यांची फारशी चूक नव्हती.

चाचा तंबोरे बनवतात. भोपळा वाजवून निवडायचा, कच्चा वाटला की कोपऱ्यात टाकायचा, हे पन्नास वर्षं केल्यावर हात गप्प राहत नाही. "आधी कान" हे त्यांचं पालुपद. कलिंगड घेताना आधी कान, डॉक्टर निवडताना आधी कान, रस्ता ओलांडतानाही डोळे मिटून आधी कान. त्यापायी दोनदा रिक्षाखाली येता येता वाचले.

त्यांना शाळेत मीच बोलावलं होतं. त्यांची नात आफरीन माझ्या तिसरीच्या वर्गात. सुटी अक्षरं ओळखायची, शब्द आला की अडायची, आणि मुलं हसायची. तिची आई शबाना, म्हणजे चाचांची मुलगी, बापाकडेच राहते. तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत पोरगी वाचायला लागली नाही तर तिला घरी बसवणार. रोज हसं करून घेण्यापेक्षा ते बरं. मला शबानाचा राग आला. ही कसली आई, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघींत बोलूनही दाखवलं.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आफरीनचं पुस्तक वाजवून बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे मिटा. आधी कान."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक जुना तंबोरा घेऊन स्वारी वर्गात हजर. मुलांनी डोळे मिटायचे. तार चढली की हात वर, उतरली की खाली. मग शब्द. कमळ म्हटलं की तीन टाळ्या. प-नं सुरू होणाऱ्या शब्दाला उजवा हात, फ-च्या शब्दाला डावा. शब्दाला सांधे असतात, ते ऐकू आले की तो सोडवता येतो आणि जोडताही येतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळची प्रार्थनाही त्यांनी ताब्यात घेतली आणि सूर बसला नाही म्हणून पंधरा दिवस पहिल्या ओळीपुढे जाऊ दिली नाही. मुख्याध्यापक उन्हात हात जोडून उभे.

गाणं शिकणाऱ्या मुलांचा मेंदू आवाजातले बारीक फरक टिपायला शिकतो आणि त्याची वाचनाला मदत होते, असं मला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण ते सत्र जेवणानंतरचं होतं, माझ्यापर्यंत पुरतं पोचलंच नव्हतं. आता डोळ्यांसमोर बघताना माझी मलाच लाज वाटली.

फेब्रुवारीत आफरीननं एक अख्खं पान वाचलं. मांडीवर बोटानं ताल धरत, शब्दाशब्दाला थबकत, पण वाचलं. वर्गात कुणी हसलं नाही.

मी पेढे घेऊन चाचांच्या घरालगतच्या कारखान्यात गेले. चाचा पेढा नुसताच हातात धरून बसले.

"हिची आई बी अशीच अडायची," ते म्हणाले. "तिसरीतच. मास्तर म्हणले, डोकं न्हाई. मी म्हणलं, कच्चा माल हाय, बसवा घरी. लय रडली, बाई. धा दिवस दप्तर सोडंना."

पुढचं त्यांनी खाली बघत सांगितलं. लग्नात त्यांनी शबानाच्या नावावर एक खोली करून दिली होती. नवऱ्यानं कसल्याशा कागदावर तिचा अंगठा घेतला. खोली गेली, मग नवराही गेला. ती परत आली त्याला सहा वर्षं झाली. बापाला वेळेवर वाढते, त्यांचे कपडे धुते, बोलत मात्र नाही. स्टाफरूममधले माझे शब्द मला आठवले आणि हातातला पेढ्यांचा पुडा कुठं ठेवावा ते कळेना.

"तिला बी शिकवाल का, बाई?" चाचांनी विचारलं.

शबाना चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं बापाकडे बघितलंही नाही.

"पोरीला शिकवलंत, उपकार झाले, बाई," ती मला म्हणाली. "मला आता नको. मागत हुते तवा कुणी दिलं न्हाई."

ती चहा ठेवून आत गेली. चाचा म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

आता रोज शाळा सुटली की आफरीन कारखान्याच्या मागच्या दारात, मोरीकडे तोंड करून बसते आणि मोठ्यांदा धडा वाचते. तेवढा वेळ चाचा रंधा, कानस सगळं खाली ठेवतात. मोरीत शबाना भांडी घासत असते. ती मान वर करत नाही. परवा मी तिथंच होते. चाचा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "काल लय जोरात घासत हुती. आज हात हळू हाय."

मी जीव कानात आणून ऐकलं. मला काहीच फरक कळला नाही.