शिंपल्यांचे घरमालक

आमचे घरमालक बबनअण्णा शिंपल्यांनाही खोली खाली करायला सांगतात. रावेतला नदीकाठी उभे राहून, पाण्याकडे बोट रोखून, अगदी आम्हा भाडेकरूंना सांगतात तसंच.

तिथून एका कारखान्याला पाइपने पाणी जातं. पाइपच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे आणि तिला कुठल्यातरी परदेशी जातीचे शिंपले असे चिकटतात की पाणीच अडतं. ते खरवडायचं कंत्राट अण्णांकडे. म्हणजे कमरेला दोर बांधून पाण्यात उतरतो माझ्या शेजारच्या खोलीतला नांदेडचा गंगाधर, आणि काठावर बसून संतापतात अण्णा.

"भायेरून यायचं, चिकटायचं, वर पोरं काढायची! आमी मूळचे हाय हितले, आमी कुटं जायाचं?"

हे शिंपल्यांना की आम्हाला, ते कळत नाही. एकदा मी म्हणालो, "अण्णा, जमीन तुम्ही विकलीत, खोल्या तुम्ही बांधल्यात, भाडं तुम्ही खाता. मग चिकटलंय कोण?"

"लई शिकलाय, पाव्हणं. सांजच्याला नळ बंद ऱ्हाईल."

राहिला.

मागे त्यांनी खोल्यांचा उरलेला गुलाबी ऑइलपेंट त्या जाळीला फासला. म्हणे, वासानं पळतील. नव्या रंगाच्या खोलीत भाडेकरू यावेत तसे शिंपले सहकुटुंब आले.

जाळी स्वच्छ हवी, पण पंप बंद ठेवायचं कारखान्याच्या साहेबांच्या जिवावर येतं. परवा पंप थोड्या वेळापुरता बंद होता आणि गंगाधर पाण्याखाली असताना शिफ्ट बदलली. नव्या पंपवाल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याने बटण दाबलं. पाणी जाळीकडे खेचलं गेलं. मी काठावरून ओरडत पंपघराकडे धावलो.

पंप बंद करून परतलो, तर अण्णा कडेच्या दगडाला गुडघे रोवून ओणवे झालेले. गंगाधरच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. आम्ही दोघांनी मिळून गंगाधरला वर काढलं. तो खोकत होता. अण्णा शिव्या देत आपल्या टॉवेलने त्याचं डोकं खसाखसा पुसू लागले.

"हळू ना, अण्णा," गंगाधर म्हणाला.

"गप ऱ्हा!"

माझा पारा चढला. "दोर खांबाला बांधायचा असतो! तुम्हीही आत गेला असता."

अण्णांनी वरही पाहिलं नाही.

"खांबाला कळतंय व्हय, ह्यो खालून वढतोय ते?"